पुढं काही नव्हतं, असं मी सांगितलं

ज्याचं मी वाटोळं केलं त्याचं नाव दिगंबर. दापोडीचा दिगू. गेल्या वर्षी, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, चाकणला पहिली शिफ्ट सुटायच्या जरा आधी मी हे केलं. कंपनीच्या गेटसमोर टपरीवर बसले होते. एका हातात पत्रकांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात फोन.

दुसरं नाव मारुतीकाकांचं. दिगूचे वडील, त्याच कंपनीत कंत्राटी कामगार. त्यांच्याशी जे केलं ते नंतर, आणि ते जास्त वाईट आहे. त्यावर येते. येणारच आहे — पण सरळ येता येत नाहीये.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी नाही, आपल्या कामगार संघटनेत नाही. गेल्या रविवारी दिगूला सांगितलं. आता या पत्रकातून तुम्हा कामगारांना सांगते.

पत्रकं लिहीत मी मोठी झाले. पत्रकाचं एक बरं असतं, पहिल्याच ओळीत आरोपी उभा करायचा आणि त्याला शेवटपर्यंत बसू द्यायचं नाही. शंभर वेळा केलंय ते. आज आरोपीच्या जागी स्वतःचं नाव लिहायचंय तर हात अडतोय. दुसऱ्यांची नावं लिहिताना एकदा तरी अडला होता का?

दिगू आमच्या पथनाट्यात ठेकेदार करायचा. डोक्यावर गॉगल, खांद्यावर टॉवेल, आणि असा काही चालायचा की गेटवरचे कामगार खरोखर शिव्या घालायचे. एकदा एकानं चप्पल फेकून मारली. दिगूनं ती उचलली, मापून बघितली आणि म्हणाला, "दुसरी पण दे की भाऊ, एक घेऊन काय करू?" सगळं गेट हसलं. मारणारा पण हसला. मी पाठांतर करून घोषणा द्यायचे आणि लोक घड्याळ बघायचे. हा एक वाक्य बोलायचा आणि लोक बस सोडून थांबायचे. मला त्याचा अभिमान होता. हो, होता. हेवाही होता का? तेव्हा विचारलं असतंत तर मी तुमच्यावर खेकसले असते.

मग तो स्टँड-अप करायला लागला. आधी ओपन माइक, मग स्वतःचे छोटे शो. मग एका सिनेमात तीन-चार प्रसंगांची भूमिका मिळाली. आणि मग खरं मोठं काम — व्यावसायिक नाटकात नायकाच्या भावाची भूमिका. तालमी मुंबईला, म्हणून तो तिकडे मित्रांच्या खोलीवर राहायला गेला. शुभारंभाचा प्रयोग मात्र चिंचवडला ठरला होता. मारुतीकाकांनी त्या दिवसासाठी शिफ्ट बदलून घेतली होती. कंत्राटी माणसाला शिफ्ट बदलून मिळत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. ते किती जणांच्या हातापाया पडले असतील? तरी घेतली. कँटीनमध्ये सगळ्यांना सांगत सुटले होते, "आपला दिग्या नाटकात हाय. तिकीट काढून बगायचं, फुकट न्हाई."

गणपतीच्या आधी पिंपळे सौदागरच्या एका कॅफेत दिगूचा शो होता. मला आग्रहानं बोलावलं. मी मागच्या खुर्चीवर बसले. पुढं सगळी सोसायट्यांमधली माणसं, ऑफिसातून थेट आलेली. अर्ध्यात त्यानं सुरू केलं —

"आमच्या संघटनेत एक मैत्रीण आहे. घरी आमटीत मीठ कमी पडलं तर ती आईला बोलत नाही. निवेदन देते. खाली लिहिते, मागणी मान्य न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल. आणि आई पण तयारीची. ती म्हणते, शिष्टमंडळ पाठव."

सगळा कॅफे हसून कोसळला. मीसुद्धा हसले. मोठ्यानं हसले, म्हणजे ती मीच हे कुणाला कळू नये. दिगूनं माझ्याकडे बघून डोळा मारला. त्याला वाटलं, मला आवडलं.

बस. एवढंच. एवढ्यासाठी. मी नंतर किती मोठमोठी कारणं शोधली — चळवळ सोडून गेला, बाजारू झाला, गेटवर यायला त्याला वेळ नाही. त्यातलं एकही खरं नाही. पिंपळे सौदागरची माणसं मला हसली आणि त्यांना हसवणारा आमचा दिगू होता. ही माझ्या क्रांतिकारकपणाची लायकी.

त्याच शोमध्ये शेवटी त्यानं ठेकेदार केला. गॉगल नाही, टॉवेल नाही, नुसत्या आवाजात. "हे कंत्राटी लोक म्हणजे काय? बिस्किटाचा पुडा. एक संपला, दुसरा फोडा. त्यात रडायचं काय?" लोक हसले. मग तो थांबला. आवाज त्याचा स्वतःचा झाला. म्हणाला, "हे एकजण माझ्या बापाला म्हणाला होता. समोर उभं करून. आणि माझा बाप हसला. हसला नसता तर दुसऱ्या दिवशी गेटपास मिळाला नसता. तुम्ही विचारता ना, मी कॉमेडी कुठं शिकलो? तिथं."

कुणी हसलं नाही. कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत, काही क्षण.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला त्या भागाचं रेकॉर्डिंग पाठवलं. "सुजे, कामगारांचं काही चुकत असेल तर सांग. तू म्हणशील तसं बदलतो." चालू शोचा मजकूर हे लोक बाहेर जाऊ देत नाहीत. एकदा नेटवर गेला की लोक तो ऐकूनच शोला येतात आणि शो मरतो. म्हणून शोमध्ये फोन बंद करायला लावतात. त्यानं मला तो दिला, कारण मी घरची होते.

आणि मी तो कापला. जिथं लोक हसले तिथं कापला. पुढचं काढून टाकलं. संघटनेच्या एका जुन्या नंबरवरून कामगारांच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं — कामगारांच्या घामावर हसणारा हा कोण? ओळखा!

तुम्ही ओळखलंत. शिफ्ट सुटली, बसेस भरल्या, आणि निगडीला पोचेपर्यंत ती क्लिप माझ्याकडेच तीन ग्रुपवरून परत आली होती. एकदोघांनी लिहिलं होतं, "अरे, तो ठेकेदाराची नक्कल करतोय." त्यांना मीच उत्तर दिलं. दलालांची वकिली बंद करा. लगेच गप्प झाले. लोकांना गप्प कसं करायचं ते मला छान येतं.

नंतरचं पत्रकही माझंच. "कष्टकऱ्यांची टिंगल करणाऱ्याला चिंचवडच्या रंगमंचावर पाय ठेवू देणार नाही." ही ओळ लिहून झाल्यावर मी दोनदा वाचली. चांगली जमलीय असं वाटलं होतं.

दिगूचा फोन आला. "सुजे, निर्माते म्हणतात काही बोलू नकोस, आपोआप थंड होईल. पण तू तर पूर्ण बघितलंयस. तुझ्या नावानं दोन ओळी लिही ना. तुझं ऐकतील." त्याला माझा संशयही नव्हता. त्याला वाटत होतं कॅफेतल्या कुणीतरी चोरून फोन चालू ठेवला. मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "बैठकीत विषय ठेवते." विषय ठेवला नाही. नाटकातून त्याला काढलं. त्याच्या जागी दुसरा मुलगा उभा राहिला आणि प्रयोग ठरल्याप्रमाणे झाला. सिनेमात त्याचे प्रसंग कापले. आता तो एकदा गाडीचं दार उघडताना दिसतो, तेवढाच.

हे एवढंच असतं तर — तर मी कदाचित अजूनही गप्प बसले असते. खरं तेच सांगते.

कँटीनमध्ये मारुतीकाकांच्या डब्याशेजारी रोज कुणीतरी बिस्किटाचा पुडा ठेवायला लागलं. "काय मारुतीराव, पोरगं मालकाच्या बाजूनं बोलाया लागलं जणू!" "घ्या, दुसरा फोडा!" मला एका कामगारानं सांगितलं, काका तो पुडा फोडायचे आणि टेबलावरच्या सगळ्यांना एकेक बिस्कीट वाटायचे. सांगताना तो हसत होता.

समजतंय ना तुम्हाला? ते वाक्य त्यांनाच म्हटलं गेलं होतं. त्यांनी आयुष्यात एकदाच, ते पोराला सांगितलं होतं. आणि आता तेच वाक्य पोराच्या तोंडून, मागे लोकांचं हसणं, आणि तिथंच संपलेलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गेटवर पत्रकं वाटत होते. काका रांगेतून बाजूला आले. पत्रक घेतलं नाही. इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "पोरी, तू व्हतीस म्हनं तिथं. पुढं काय म्हनला गं त्यो?"

मी तिथं होते. मी पूर्ण ऐकलं होतं. माझ्या फोनमध्ये ते होतं, तेव्हाही, हातात. फक्त दाबायचं होतं.

मी म्हटलं, "पुढं काही नाही, काका. एवढंच."

ते म्हणाले, "बरं." आणि रांगेत जाऊन उभे राहिले.

मी का म्हटलं? भीतीनं, म्हणजे माझं कापणं उघडं पडेल म्हणून? आपण पहिल्यांदा जे खोटं बोललो तेच पुढं रेटायचं असतं, म्हणून? मला आजही नीट सांगता येत नाही, आणि सांगता आलं तरी तुम्ही ऐकून घेऊ नका.

नाटक गेल्यावर दिगूनं पूर्ण व्हिडिओ टाकला. तुमच्यापैकी किती जणांनी बघितला? तो फोन घेऊन दापोडीला घरी गेला, वडिलांसमोर धरला. काकांनी बघितला आणि परत दिला. त्यांना वाटलं, पोरानं शेवटचं नंतर जोडलं. त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं ना — जिला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं अशा मुलीला. ते पोराशी भांडले नाहीत. जेवलास का विचारायचे, पाणी द्यायचे. फक्त नाटकाचं, कामाचं, कधीच काही विचारलं नाही. थंडीत एका सकाळी कंपनीच्या बसमध्ये ते बसल्या जागी गेले. शेजारच्याला वाटलं झोपलेत.

मी अंत्यविधीला गेले होते. तिथं दिगू मला म्हणाला, "बाबांना कुणीतरी सांगितलं होतं गं, की पुढं काही नव्हतं. मी किती विचारलं, कुणी सांगितलं. नाव नाही घेतलं त्यांनी. म्हणाले, जाऊ दे, ती भली पोरगी हाय."

ती. तो ते म्हणाला आणि माझ्याकडे बघून रडला, माझ्या खांद्यावर. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हाही बोलले नाही.

रविवारी बोलले. तो एका जाहिरातीच्या ऑडिशनला पुण्यात आला होता. चिंचवड स्टेशनच्या बाहेर, उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, कापण्यापासून. मला वाटलं होतं तो मारेल. मारावं असंही वाटत होतं; मग जरा हिशेब मिटल्यासारखा वाटला असता, नाही का? तो ओरडलाही नाही. रेकॉर्डिंग, नाटक, पत्रक, कशाबद्दलही एक शब्द नाही. एवढंच म्हणाला, "बाबांनी काय विचारलं होतं? त्यांचे शब्द सांग."

मी सांगितले. पुढं काय म्हनला गं त्यो.

त्यानं ते शब्द एकदा स्वतःशी म्हणून बघितले. मग म्हणाला, "म्हणजे पुढं काहीतरी असणार, हे त्यांना माहीत होतं."

आणि गेला. मी हाक मारली नाही. कुठल्या तोंडानं मारणार?

संघटनेत माझं काय करायचं ते बैठक ठरवेल. माफी मी मागत नाहीये. ज्याच्याकडे मागायची तो माणूस नाही, आणि जो आहे त्याच्यावर ती द्यायचा भार टाकायचा मला हक्क नाही.

पण तुमच्याकडे एक मागणी आहे, आणि ती मी मागणार. ती क्लिप तुमच्या फोनवर आली होती. तुमच्यातल्या बहुतेकांनी ती पुढं पाठवली. कुणी चिडून, कुणी गंमत म्हणून, कुणी मारुतीकाकांना टोचायला. ज्या ज्या ग्रुपवर पाठवली त्या प्रत्येक ग्रुपवर जा आणि स्वतःच्या नावानं लिहा: ती कापलेली होती, मी न बघता पाठवली. खाली दिगूचं पूर्ण बोलणं टाका, आणि शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय टाकू नका. कुणी विचारलं कुणी कापली, तर माझं नाव सांगा. उद्या नको. आता, हे हातातून खाली ठेवायच्या आधी.