ओढलेलं आमेन

पुण्याहून चौघं गाणारे येणार म्हटल्यावर झाडलोट माझ्याच गळ्यात पडली, कारण देवळाची किल्ली माझ्याकडं असते. नळदुर्ग सोडून हायवेवरून जरा आत गेलं की आमचं जुनं दगडी चर्च लागतं. आम्ही त्याला देऊळच म्हणतो. माइक नको आणि पंखेही बंद ठेवा, असं पाहुण्यांचं फर्मान. उन्हाळ्यात पंखे बंद! मी मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या आणि बाकं पुसायला घेतली.

शेवटच्या बाकाशी हात अडखळला. ते अण्णांचं, माझ्या वडिलांचं. अण्णा तरुणपणी भजनी मंडळात टाळ घेऊन बसायचे, त्यामुळं देवळातली गाणीही ते तशीच म्हणायचे. सगळ्यांचं आमेन संपलं तरी यांचं चालूच, डोळे मिटून, आणि शेवटी खाली उतरणारी एक छोटीशी हरकत. पोरं फिदीफिदी हसायची. मी शाळेत मास्तर, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एका रविवारी पायरीवरच सुनावलं, "अण्णा, आमेन ओढू नका. लोकं हसायलेत."

"बरं. न्हाय ओढत," ते म्हणाले.

त्यानंतर वारेपर्यंत दोन वर्षं त्यांनी आमेनला तोंडच उघडलं नाही. त्याची बोच अजून गेलेली नाही.

दुपारी सराव सुरू झाला. कित्येक शतकांपूर्वीचं, लॅटिनमधलं गाणं. चार गळे एकमेकांच्या मागं मागं जातात आणि शेवटी आमेनवर एकत्र येऊन थांबतात. तसे ते थांबले. चौघांची तोंडं मिटली. आणि मागून एक आवाज चालूच राहिला.

"शेवटचा स्वर कोण लांबवतंय? सोडा," त्यांच्यातली उंच बाई म्हणाली. तीच त्यांची म्होरकी.

चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. पुन्हा गायले. पुन्हा तोच जाडसर आवाज, आणि शेवटी खाली उतरणारी ती हरकत. देऊळ घुमतं म्हणावं, तर घुमणारा आवाज हरकत कशी घेईल?

बाई माझ्याकडं वळली. "सर, मागं कुणी बसलंय का? त्यांना जरा सांगा ना."

मी मागं वळून पाहिलं. बाक रिकामं होतं. आणि पाहुण्यांपुढं शोभा नको, ही जुनी खोड, तोंडातून निघूनच गेलं, "अण्णा, ओढू नका."

संध्याकाळी देऊळ भरलं. मी शेवटच्या बाकावर बसलो, शेजारची जागा मोकळी ठेवून. गाण्यातलं मला काही कळत नव्हतं. मी फक्त आमेनची वाट बघत होतो आणि मनात म्हणत होतो, ओढा अण्णा, हसू द्या लोकांना.

आमेन आलं. चार तोंडं मिटली. भिंतींत काहीच उरलं नाही. मग टाळ्या पडल्या.

"आता कसं स्वच्छ थांबलं," बाई खुशीत म्हणाली.

अण्णांनी याही वेळी माझं ऐकलं होतं.