घरी करून पाहायचे प्रयोग

विज्ञानाचे तीन शिक्षक एका टेबलाशी बसवा, मधे चहा ठेवा आणि त्यांना सांगा, नियोजन करा. नियोजन सोडून सगळं होतं! आमच्या भोसरीच्या शाळेत गेल्या मार्चमध्ये नेमकं हेच झालं. किस्से इतके साठले, की आता घरी मी तोंड उघडलं की बायको आधीच विचारते, "शाळेतला का?"

आम्ही तिघं. सहावीला गायकवाड मॅडम, सातवीला मी, आठवीला लांडगे सर. लांडगे सर इथल्या जुन्या गावातले. बी.एड. करूनही त्यांचं "हाय" काही "आहे" झालं नाही.

आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या मॅडम, यांनी फर्मान काढलं, "तिन्ही वर्गांचं विज्ञान एका कागदावर हवं. कोणी काय शिकवायचं, आधी काय, नंतर काय. आणि तो 'घरचा प्रयोग' रकाना काढून टाका. मुलं घरी काही करत नाहीत, मनानेच आकडे मारतात. त्यापेक्षा मी तयार पॅकेज घेते. व्हिडिओ, वर्कशीट, सगळं आयतं."

माझा चेहराच पडला. अहो, वीस वर्षं मी पोरांना घरचे प्रयोग देतोय! बाकी काही काढा, पण हे नको. मी तसं बोललोही. मॅडम म्हणाल्या, "मग पटवा मला. सुट्टी लागायच्या आत."

*

पहिल्या दिवशी तिन्ही वर्गांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि आम्ही तिघंही गार! मटकीला मोड आणण्याचा प्रयोग सहावीत. सातवीतही. आठवीतही! प्रत्येकाला वाटत होतं, आपणच करतो.

व्हरांड्यातून आठवीची एक मुलगी चालली होती. तिला आत बोलावलं. विचारलं, "काय गं, तीन वर्षं मटकी भिजवतेस. निरीक्षण काय?"

ती म्हणाली, "सर, मोड दर वर्षी येतात. उसळ कधीच येत नाही!"

मग अर्धा तास वाटणी चालली. सहावीने मोड आणायचे. सातवीने मोड आलेली मटकी उलटी टांगून मूळ कुठे वळतं ते बघायचं. आठवीने एक वाटी अंधारात आणि एक उजेडात ठेवायची. उसळ मात्र कोणाच्याच वाट्याला गेली नाही.

*

चुंबक सहावीला गेलं. गायकवाड मॅडमनी टाचण्या, खिळे, प्लास्टिक अशी नीट तयारी केली. पण ही भोसरीची, कारखान्यांमधली पोरं! एकाने दप्तरातून स्टीलचे दोन तुकडे काढले. "मॅडम, दोन्ही स्टीलच आहे. हे चिकटतं, हे नाही चिकटत. का?"

पुस्तकात तर लिहिलंय, लोखंड-पोलाद चिकटतं. मॅडम मधल्या सुट्टीत धावत माझ्याकडे आल्या. मला येत नव्हतं. मी लांडगे सरांकडे पाठवलं. त्यांनाही येत नव्हतं, पण त्यांच्या चुलतभावाचं एमआयडीसीत वर्कशॉप आहे. लगेच फोन. तिकडून मशिनच्या आवाजात उत्तर आलं, "अरं, एक तीनशे चार हाय, एक चारशे दहा! पोरगं कुणाचं हाय? धाडून दे इकडं कामाला!"

मॅडमनी फोन हातात घेतला आणि ठणकावलं, "भाऊ, आधी सातवीत जाऊ दे त्याला!"

हे स्टीलच्या जातींचे नंबर. तीनशे चार का चिकटत नाही, हे मी नंतर वाचलं. अर्धंमुर्धं कळलं. तो प्रश्न आम्ही सहावीच्या रकान्यात उत्तराशिवायच लिहून ठेवला. लांडगे सर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. कुणाला तरी सापडंल."

*

माझी फजिती सांगितली नाही तर ती गायकवाड मॅडम सांगतील, म्हणून मीच सांगतो.

उकळत्या पाण्याचं तापमान. शाळेच्या प्रयोगशाळेत सहा गट. पाच गटांनी लिहिलं शंभर. एका गटाने लिहिलं अठ्ठ्याण्णव. मी त्यावर लाल फुली मारली. वर शेराही लिहिला, "नीट बघा!"

नियोजनाला बसलो असताना गायकवाड मॅडमनी ती वही उघडली आणि सहज विचारलं, "सर, आपण समुद्रापासून किती उंचावर आहोत हो?"

मी चहाचा कप खाली ठेवला. उंचावर पाणी शंभरच्या आधीच उकळतं, हे मीच शिकवतो! म्हणजे खरं पाहिलं एका गटाने, आणि फुली मारली मी. फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी वर्गात उभा राहून सरळ माफी मागितली, फुली खोडली, पूर्ण मार्क दिले.

मागच्या बाकावरून हात वर. "सर, मग शंभर लिहिलेल्यांचे मार्क कापणार का?"

हे मोठ्या मॅडमच्या कानावर गेलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या डोळ्यांदेखत पाच गट आकडे मारतात, आणि तुम्ही घरच्या प्रयोगाचं सांगता?"

*

एक धडा मात्र टेबलावर तसाच पडून होता. वयात येताना शरीरात होणारे बदल. सहावीच्या मॅडम म्हणाल्या, सातवीत घ्या. मी म्हटलं, आठवीत जास्त शोभेल. लांडगे सर म्हणाले, "नववी कशाला हाय मग?" आणि कागदावर चहाची बशी ठेवून दिली.

गायकवाड मॅडमनी बशी उचलली. "द्या इकडे. तिन्ही वर्गांना मी शिकवते. तुम्ही दोघं बसा मटकी उलटी टांगत!"

त्यांनी वर्गात एक खोका ठेवला. नाव न घालता प्रश्न टाकायचे. पहिलीच चिठ्ठी निघाली, "मॅडम, लांडगे सर ओरडले की त्यांचा आवाज अजून फाटतो. ते वयात येतायत का?"

*

मग पॅकेजवाला आला. आयटी पार्कातलं ऑफिस, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. पोरगा गोड बोलायचा, राग धरावा असं त्याच्यात काही नव्हतं. त्याने पडद्यावर बोटाने तार ओढली, बल्ब लागला. मोठ्या मॅडम खूश.

लांडगे सरांनी विचारलं, "आणि तार चुकीची जोडली तर?"

"सर, सिस्टीम चुकीची जोडूच देत नाही!"

"व्हय? आमची पोरं पयली चुकीचीच जोडत्यात. त्यांनी काय करायचं?"

पोराने टॅबकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "सर, फीडबॅक वर कळवतो."

हसलो खरे, पण मोठ्या मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कोटेशन ठेवून घेतलं. म्हणाल्या, "सर, शेवटची संधी. एक घरचा प्रयोग द्या. वह्या मी स्वतः तपासणार. खरे आकडे दिसले तर रकाना ठेवू. नाहीतर पॅकेजला हो म्हणते."

*

मी सातवीला ध्वनीचा प्रयोग दिला. सोपा. टिकटिक करणारं घड्याळ घ्यायचं, घरातल्या प्रत्येकाला डोळे मिटून बसवायचं, कानापासून घड्याळ हळूहळू लांब न्यायचं. टिकटिक ऐकू यायची थांबली की पट्टीने अंतर मोजायचं. शेजारी त्या माणसाचं वय आणि काम लिहायचं. वर्गात तीनदा बजावलं, "पोरांनो, जे येईल तेच लिहा. कमी येवो, जास्त येवो. जे येईल तेच!" रकान्याचं काय होणार, हे मी त्यांना सांगितलं नाही. ते बरोबर झालं नसतं.

सोमवारी वह्यांचा गठ्ठा मोठ्या मॅडमच्या टेबलावर. मी समोर उभा.

पहिली वही. आजी चाळीस, आई चाळीस, बाबा चाळीस, ताई चाळीस. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

दुसरी वही. सगळे तीस. त्यात दोन महिन्यांचं बाळ, तेही तीस! "याने कसं सांगितलं हो, ऐकू येत नाही म्हणून?"

मी खाली मान घातली. संपलं, म्हटलं. वीस वर्षं गेली.

तिसरी वही एका मुलीची. पहिल्या बाकावर बसते, फारशी बोलत नाही. मॅडमनी पान उलटलं, वाचलं. परत वाचलं. चष्मा काढून पुसला. मग नियोजनाचा कागद ओढला आणि 'घरचा प्रयोग' रकान्यासकट त्यावर सही केली. क्लार्कना हाक मारून म्हणाल्या, "त्या पॅकेजवाल्यांना नको म्हणून कळवा." आणि ती वही तशीच उघडी माझ्याकडे सरकवली.

भाऊ, वय नऊ, काम शाळा: बावन्न सेंटीमीटर.

आई, वय पस्तीस, काम शिवण: त्रेचाळीस.

वडील, वय एक्केचाळीस, काम प्रेस शॉप (पत्रा ठोकायचं मशिन), चाकण: डावा कान चार, उजवा कान शून्य.

आणि खाली, बारीक अक्षरात:

"सर, पप्पा म्हणाले दोन्हीकडे चाळीस लिही, पुढच्या महिन्यात कंपनीत मेडिकल आहे, त्यात कानही तपासतात. पण तुम्ही जे येईल तेच लिहा म्हणालात, म्हणून खरं लिहिलंय. तुमचं वाचून झालं की हे पान फाडून टाका."