जिमखान्याचा स्ट्रायकर

कॉलेजच्या तीन वर्षांत मी एकाच मुलीवर जळले, पण मन लावून जळले. अभ्यासात ती माझ्या मागेच होती. दिसायला म्हणाल तर चारचौघींसारखी. पण तिला संध्याकाळ होती आणि मला नव्हती.

तिचं घर कॉलेज रोडलाच, स्कूटीवर पाच मिनिटं. माझं गाव चांदवडच्याही आत. चांदवडहून गावात जाणारी शेवटची एसटी सातला. ती गाठायची तर साडेचारला कॉलेज सोडायलाच हवं. आणि कॉलेजात मजेचं म्हणून जे काही असतं ते सगळं पाचनंतर सुरू व्हायचं. गॅदरिंगची प्रॅक्टिस, नाटकाच्या तालमी, गरबा, जिमखान्यातल्या मॅचेस. आम्हा अपडाउनवाल्या मुलींना हे सगळं दुसऱ्या दिवशी नुसतं ऐकायला मिळायचं.

फी मात्र सगळ्यांना सारखी. पहिल्या वर्षी ॲडमिशन घेतली तेव्हा वडील पावती घेऊन खिडकीच्या बाजूला उभे राहिले आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. शिकवायची फी त्यांना पटली. खाली स्नेहसंमेलन, वार्षिकांक, विद्यार्थी कल्याण असं बरंच काही होतं. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"जिमखाना म्हंजी काय गं?"

"खेळायचं असतं तिथं."

"मंग खेळून घे. पैसे भरल्यात आपण."

त्यांनी हे गंभीरपणे सांगितलं आणि मी ते गंभीरपणेच घेतलं. शेवटचा तास संपल्यापासून साडेचारपर्यंत जी वीस-पंचवीस मिनिटं मिळायची, ती मी जिमखान्यात कॅरमवर घालवायचे. कांद्याची चाळ रिकामी असली की तिथं भावांबरोबर खेळून माझा हात चांगला बसला होता. रिबाउंडनं राणी घ्यायला लागले की भोवती मुली गोळा व्हायच्या.

जिमखान्याचा नियम सोपा होता. आयकार्ड द्यायचं, शिपाई मामा ते बुटाच्या खोक्यात टाकायचे आणि स्ट्रायकर द्यायचे. स्ट्रायकर परत, की कार्ड परत. सहापैकी पाच स्ट्रायकरांचे टवके उडालेले होते. सहावा जड, पिवळसर, हाताला गार लागणारा. मी तासावरून पळत जाऊन तोच मागायचे. ठीक साडेचारला ती यायची, मामांना स्वतःचं कार्ड देऊन माझं सोडवायची, माझ्या जागेवर बसायची आणि मी तो ऊबदार झालेला स्ट्रायकर तिच्या हातात द्यायचे. आयत्या बिळावर नागोबा, असं मी मनात रोज म्हणायचे. तिनंही माझ्याइतकीच फी भरली होती, हे मला त्या वेळी आठवायचं नाही. कधी ती लवकर आली तेव्हा तिला मी चार-पाचदा हरवलं होतं. ती हसून म्हणायची, "अगं, थांब ना अजून एक गेम!" थांब म्हणे. अंगाचा तिळपापड व्हायचा.

जिमखान्याचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. मी घरी भाकरी थापत असताना त्यावर फोटो येत राहायचे. ती बोर्डावर, ती वडापाव खाताना, ती कॉलेजचं नाव छापलेल्या टी-शर्टात. एकदा पिठाच्या हातानंच मी त्या ग्रुपमधून बाहेर पडले.

दुसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी आमच्या कॉलेजची कॅरमची टीम निवडायची ठरली. मुलींची एकच जागा उरली होती. मला ती हवी होती. टीमला मिळणारा तो टी-शर्ट अंगात घालून मला एकदा तरी आमच्या गावच्या एसटीत बसायचं होतं. शुक्रवारी जिमखान्याच्या दारावर नोटीस लागली, निवड उद्या, शनिवारी, संध्याकाळी पाच वाजता.

मी ती दोनदा वाचली. आत जाऊन खेळले, वाईट खेळले. साडेचारला ती अजून आली नव्हती आणि मामा पाणी प्यायला गेले होते. मी तो पिवळा स्ट्रायकर उचलला आणि सॅकच्या आतल्या कप्प्यात टाकला. मला नाही तर तिलाही नाही. उद्या खेळ म्हणावं टवके उडालेल्या स्ट्रायकरनं.

एसटीत ओझरपर्यंत मला फार बरं वाटत होतं. ओझर गेलं आणि आठवलं, की माझं आयकार्ड खोक्यातच आहे. चोरी केली ती केली, वर फोटोसकट नाव ठेवून आले होते.

रात्री सॅकमधून डबा काढताना स्ट्रायकर खाली पडला. वडिलांनी उचलून तो हातात तोलून पाहिला. "घरी बी खेळायला देत्यात व्हय? लय चांगलं कालेज हे." मी मान हलवली.

शनिवारी मी कॉलेजला गेलेच नाही. वडील पहाटेच ट्रॅक्टर घेऊन लासलगावला गेले होते. नऊच्या सुमारास त्यांचा फोन आला, मागे लिलावाचा आरडाओरडा.

"तुझ्या जिमखान्यातनं फोन आल्ता. एका पोरीचा. एकच्या आत ये म्हनली, महत्त्वाचं काम हाय."

कार्डावर वडिलांचाच नंबर होता. चोराच्या मनात चांदणं.

"पोट दुखतंय म्हणून सांगा."

"पहाटं तर बरी व्हतीस?"

"आता दुखतंय, दादा. सांगा ना."

वडिलांनी माझ्यासाठी तसं सांगितलं. मी दिवसभर गोधडी घेऊन पडून राहिले.

सोमवारी स्ट्रायकर मुठीत धरून गेले. वाटेत तीन वेगवेगळ्या थापा तयार केल्या होत्या. जिमखान्याच्या दारातच ती भेटली.

"बरं आहे का गं पोट?"

"हो."

"काय तू! शुक्रवारी मी सरांशी भांडले. म्हटलं, पाचला ठेवलं तर अपडाउनच्या मुली येणार कशा? आपल्यात सगळ्यात चांगली खेळते ती त्यांच्यातलीच. सरांनी मग शनिवारी दुपारी एकला ठेवलं. ग्रुपवर टाकलं तर तू ग्रुपमध्येच नाहीस. शेवटी मामांच्या खोक्यातून तुझं कार्ड शोधलं आणि फोन केला. पोट थांबलं तर येशील म्हणून अडीचपर्यंत थांबलो आम्ही."

तिनं पर्समधून माझं कार्ड काढून दिलं. हरवू नये म्हणून जपून ठेवलं होतं. मी स्ट्रायकर मामांपुढे ठेवला. ते म्हणाले, "राहिला होता ना बॅगेत? होतं असं." शनिवारी तिनं घरून आणलेला स्वतःचा स्ट्रायकर वापरला होता. म्हणजे माझ्या चोरीनं तिचं काहीच अडलं नव्हतं.

"आता नाव बदलता येईल का?" मी विचारलं.

"सकाळीच विचारलं मी. यादी विद्यापीठात गेली."

यादीत तिचं नाव होतं. तिनं बोर्डावर पावडर टाकली आणि मला समोर बसवलं. मी खेळले, आणि त्या दिवशी जशी खेळले तशी पुन्हा कधी खेळले नाही. राणी घेतली, लगेच कव्हर केली, तिच्या सहा सोंगट्या बोर्डावर असताना गेम संपवला. ती टाळ्या वाजवत ओरडली, "मी म्हणत होते ना!"

मी तिला थँक्यू म्हणायला हवं होतं, निदान खरं तरी सांगायला हवं होतं. पण मला एवढंच वाटलं, की संध्याकाळ हिची, टी-शर्ट हिचा, आणि आता चांगलं वागायचं तेही हिनंच? माझ्या वाट्याला काही ठेवलंच नाही हिनं. असं वाटल्याची लाज वाटली, पण जळणं काही थांबलं नाही.

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले. मी उठले, स्ट्रायकर तिच्या हातात दिला आणि एसटी गाठायला निघाले.