गुरुजींची रिकामी बाज

बायको आणि मुलगी पुण्याला राहायला गेल्या, त्या वर्षी मी फोटो काढायला लागलो. भांडण वगैरे काही नव्हतं. मुलीची दहावी झाली, पुढचे क्लास पुण्यातच लावायचं ठरलं, आणि पोरीला एकटीला कसं ठेवायचं म्हणून बायकोही गेली. आमच्या देवळाली प्रवरेत अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत. नवरा इकडे नोकरीला नाहीतर उसात, बाकीचं घर पुण्याला.

मी आयटीआयमध्ये पोरांना वायरिंग शिकवतो. आठवडा त्यांच्या गोंगाटात जातो. रविवारचं काय करायचं ते मात्र मला कळेना. सकाळी कपडे धुवायचे, भात लावायचा, उरलेला संध्याकाळी फोडणी देऊन खायचा. दुपारी घर इतकं गप्प व्हायचं की फ्रिज सुरू झाला तरी मी दचकायचो.

अशात नगरला मोबाईलवर फोटो कसे काढावेत याचं एक दिवसाचं शिबिर होतं. सोबतचा एक मास्तर जाणार होता, त्याचं रद्द झालं, म्हणून त्याच्या जागी मी गेलो. संध्याकाळी शिकवणाऱ्या मुलानं आम्हा सगळ्यांना एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं आणि सांगितलं, "दर सोमवारी आपापला विषय ठरवून इथं लिहायचा. दुसऱ्या कुणी द्यायचा नाही. रविवारी त्या विषयावरचा एकच फोटो टाकायचा. एकच."

बक्षीस नव्हतं, नंबर नव्हता. तरी पहिले काही आठवडे सगळ्यांना नुसता चेव चढला होता. माझे विषय ठरलेले असायचे. गर्दी. बाजार. हसणारी तोंडं. मी राहुरीच्या आठवडे बाजारात हिंडायचो. शनिअमावास्येला शिंगणापूरला गेलो आणि तेलाच्या बाटल्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायकांचे फोटो काढले. थंडी पडल्यावर सकाळीच रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. ट्रॅक्टरच्या रिकाम्या ट्रॉलीत बसून ऊसतोडीची माणसं फडात चालली होती, कानाला मफलर, मांडीवर भाकरीची फडकी. एका बाईनं हात हलवला. तिला वाटलं असेल, कुणी ओळखीचाच आहे. मीही हात हलवला.

यातून मला एक गोष्ट कळली. हातात मोबाईल धरून उभं राहिलं, की एकटा माणूस एकटा दिसत नाही. त्याचं काहीतरी काम चाललंय असं लोकांना वाटतं.

दिवाळीनंतर ग्रुप विरळ होत गेला. काहींनी विषय लिहिले आणि फोटो टाकलेच नाहीत. काही जण फुलांची 'शुभ सकाळ' टाकू लागले, मग तेही थांबलं. संक्रांतीपर्यंत दोघंच उरलो. मी आणि एक गुरुजी.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. शिबिरात ते पहिल्या रांगेत बसले होते, पांढरा लेंगा-सदरा, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. चहाच्या वेळी थोडं बोलणं झालं होतं. हिवरे बाजारच्या अलीकडं त्यांचं गाव, एवढं तेव्हा कळलं. ते विषय एका शब्दात लिहायचे. 'उंबरा.' 'सावली.' 'दोरी.' त्यांच्या फोटोंत माणूस कधीच नसे. अंगणात एक सुताची बाज, तिच्यावर कुणी नाही. ओट्यावर एक कपबशी. दावणीला धुऊन पालथी घातलेली दुधाची किटली. ती बाज तर तीन-चार वेळा आली, कधी सकाळच्या उन्हात, कधी लिंबाच्या सावलीत.

मी फोटो टाकला की थोड्या वेळात त्यांचा निरोप यायचा. "उजवीकडच्या म्हातारीचं हसू झकास." किंवा, "आकाश जास्त झालं, माणसं कमी पडली." अख्ख्या आठवड्यात मी काय पाहिलं हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. बायकोचा फोन रोज यायचा, पण त्यात गॅस आला का, लाईटबिल भरलं का, मुलीची परीक्षा कधी, हेच असायचं. ते चुकीचं नव्हतं. संसार असाच चालतो. पण रविवारी संध्याकाळी मी गुरुजींच्या निरोपाची वाट पाहत बसायचो हेही खरं.

हळूहळू मी मनाशी त्यांचं घर उभं केलं होतं. पत्नी वारलेली असणार. मुलं शहरात. ओट्यावर एकच कप, कारण पिणारा एकच. फोटोतून ते मला त्यांचं दुःख सांगताहेत आणि मला ते कळतंय, असं वाटून मला बरं वाटायचं. आपल्यासारखा आणखी एक आहे, या भावनेचा आधार मोठा असतो.

मग एका सोमवारी त्यांचा विषय आला नाही. रविवारी फोटोही नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. मी लिहिलं, "गुरुजी, तब्येत बरी आहे ना?" उत्तर नाही. फोन केला, तर कुणीतरी उचलून लगेच कापला. पुन्हा लावला, तर नुसता वाजत राहिला. मनात नको नको ते येऊ लागलं. एकटा म्हातारा माणूस, पडला-बिडला तर कुणाला कळणार?

त्या रविवारी सकाळीच मोटारसायकल काढली. राहुरीवरून नगर, नगरवरून पुढं. हिवरे बाजारच्या अलीकडच्या फाट्यावर दूध डेअरीपाशी चौकशी केली.

"फोटो काढणारे गुरुजी कुठं राहतात?"

डेअरीवाला हसला. "व्हय, हायेत की. त्या चिंचेच्या मागं मोठं घर हाय. आवाज येईल तुमाला हितूनच."

खरंच आला. आधी बाळाचं रडणं, मग भांड्यांचा आवाज, मग तीन-चार पोरींचं हसणं. अंगण माणसांनी भरलेलं. दोरीवर लंगोटांची रांग. कुणी शेंगा फोडत होतं, कुणी खलबत्त्यात काहीतरी कुटत होतं. आणि ती बाज, तीच, लिंबाखाली. तिच्यावर दोन नातवंडं आडवी पडून मोबाईलवर गेम खेळत होती. मोबाईल गुरुजींचा असणार, हे पाहताक्षणी लक्षात आलं.

गुरुजी आतून पंच्याला हात पुसत आले. मला ओळखायला त्यांना एक क्षण लागला. मग म्हणाले, "अरे! तुम्ही! अहो, इकडं कुठं?"

"फोटो येईना तुमचा. फोनही उचलेनात. म्हटलं बघून यावं."

त्यांच्या पत्नी दारात आल्या. धडधाकट बाई, कपाळाला ठसठशीत कुंकू. "यवढ्या लांबून आलात व्हय फोटोसाठी?" त्या म्हणाल्या आणि सुनेला हाक मारली, "अगं, पोहे टाक गं पावण्यांना."

मी शेंगांच्या ढिगाशेजारी बसलो. गुरुजी सांगू लागले. धाकटी लेक बाळंतपणाला आलेली. तिच्यासोबत तिची थोरली मुलगी. दोन मुलं, दोन सुना, त्यांची पोरं इथंच. थोरल्याच्या गाई आहेत, धाकटा नगरला कामाला जातो आणि संध्याकाळी परत येतो.

"आणि खरं सांगू का," ते जरा ओशाळून म्हणाले, "थोडा कंटाळाही आला होता. दर आठवड्याला नवीन काय काढायचं?"

मी विचारलं, "पण गुरुजी, तुमच्या फोटोत माणूस कसा नसायचा कधी?"

ते मोठ्यानं हसले. "घरात एवढी माणसं! मोबाईल काढला की सगळी पुढं येऊन उभी, आजोबा माझा काढा, आजोबा माझा. म्हणून सगळी शेतात नाहीतर शाळेत गेली की बाज मोकळी सापडायची. तेवढीच निवांत. तिचा काढून घ्यायचा."

मीही हसलो. दुसरं काय करणार? पोहे आले, चहा आला, डिंकाचा लाडू आला. बाळ माझ्या मांडीवर दिलं. गुरुजी म्हणाले, "तुमचे फोटो बघून मी हिला म्हणायचो, हा माणूस लई माणसांतला. कायम गोतावळ्यात." मी बाळाचं दुपटं सारखं केलं. बाळ ऊबदार होतं, अंगाला वेखंडाचा वास होता. मोबाईल माझ्या खिशात होता, पण तो काढावासा वाटला नाही.

निघताना गुरुजी फाट्यापर्यंत चालत आले. "मंडळींना घेऊन या एकदा," म्हणाले. मी हो म्हटलं. परतीच्या रस्त्यावर कांद्याच्या ढिगांची आरण रचलेली, पाटाला पाणी सुटलेलं, ऊन छान पडलेलं. फोटोसारखंच होतं सगळं. मी कुठंही थांबलो नाही.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. मी सगळं सांगितलं, थोडं हसतहसत. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, एवढ्या लांब गेलात, तर पुण्यालाच आला असतात."

पुण्याला गेलं की मुलगी अभ्यासात, बायको तिच्या वेळापत्रकात, आणि मी त्या दोन खोल्यांत पाहुणा, हे तिला सांगायचं होतं. पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

पुढच्या रविवारी मात्र गेलो. मुलीची चाचणी होती. "पप्पा, टीव्हीचा आवाज नको हं," एवढं म्हणून ती आत गेली. दुपारी बायको आणि मी भाजी आणायला खाली उतरलो. मंडईत ती भाव करत होती आणि मी पिशवी धरून उभा होतो. मध्येच ती म्हणाली, "तुम्ही वाळलात. नीट जेवत नाही ना?" मी म्हटलं, "जेवतो की." तिनं मेथीची एक जुडी जास्त घेतली आणि घरी गेल्यावर भाजी करून माझ्या डब्यात भरली. स्टँडवर सोडायला आली, तेव्हा एसटी लागलेलीच होती. बोलायला वेळ झाला नाही. गाडी हलली तशी ती खिडकीसोबत दोन पावलं चालली आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी जमलं तर बघा."

सोमवारी मी ग्रुप उघडला. गुरुजींच्या नातीच्या बारशाचा फोटो आला होता, सगळं घर एका चौकटीत कोंबलेलं, कुणाची मान कापली गेलेली. मी खाली लिहिलं, "माणसं भरपूर आहेत, छान." मग बराच वेळ माझा विषय सुचेना. शेवटी 'डबा' असं लिहिलं आणि कामावर गेलो.