सरांसाठी घेतलेला बॉक्स

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, तर फुलंब्रीच्या शाळेतल्या आमच्या गणिताच्या सरांचे. आमच्या घरात एक खोली, सात माणसं आणि वडिलांचं शिलाई मशीन. पुस्तक उघडून बसायला जागाच नव्हती. नववीत सरांनी त्यांच्या बैठकीच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "इथं बसत जा. कोणी विचारलं तर माझं नाव सांग." बारावीपर्यंत ती किल्ली माझ्याकडे होती. घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्या बैठकीमुळे.

सर वह्या तपासत नसत. खाटेवर डोळे मिटून पडायचे आणि मला गणित मोठ्यानं बोलत सोडवायला लावायचे. न समजता पुढं गेलो की त्यांना आवाजावरून कळायचं. "थांब. ही पायरी तू पाठ केलीयस. परत."

त्या माणसाचे कान म्हातारपणी गेले. वर्षभरातच गेले. शहरातल्या दोन डॉक्टरांनी सांगितलं की नसच गेली आहे, कानाच्या यंत्रानं नुसती खरखर ऐकू येईल. सरांनी यंत्र आठ दिवस लावलं आणि डबीत ठेवून दिलं. आधी फोन सुटला, मग नाक्यावर जाणं सुटलं, मग बोलणंच सुटलं. सरांच्या पत्नीला आम्ही चाची म्हणतो; त्या सरांना 'इनो', म्हणजे 'हे', म्हणतात. त्यांचा फोन आला तेव्हा त्यांना धड बोलता येत नव्हतं.

"बेटा, चार दिन से इनो एक लफ्ज नै बोले. घरात मीच एकटी बडबडते. असंच ऱ्हायलं तर कसं व्हायचं?"

टीव्ही लावून सर हलणारी तोंडं बघत बसतात आणि बंद करतात, असंही त्या म्हणाल्या. तेवढं एकच मला धरण्यासारखं वाटलं. तोंडांच्या खाली अक्षरं आली तर? सर हिंदी, मराठी, उर्दू तिन्ही वाचतात. टीव्हीला इंटरनेटचा बॉक्स जोडला तर सबटायटल येतील, सरांना माणसांचं बोलणं पुन्हा कळेल आणि कळलं तर ते बोलतील. मला दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून मी त्या बॉक्सच्या मागं लागलो.

शहरात पैठण गेटजवळच्या एका दुकानात मी विचारलं, "याच्यावर खालची अक्षरं मोठी होतात का?"

"भैया, लोक रॅम विचारतात, फोर के विचारतात," दुकानदार म्हणाला. "तुम्हाला टीव्ही बघायचा का पेपर वाचायचा?"

"वाचायचाच आहे."

दुकानातली माणसं हसली. मी बॉक्स लावून दाखवायला सांगितलं. एकात अक्षरं मुंगीएवढी. दुसऱ्यात मोठी व्हायची, पण टीव्ही बंद करून लावला की सबटायटल आपोआप जायची. सरांना दर वेळी ती कोण लावून देणार? तिसरा बॉक्स सगळं लक्षात ठेवायचा. काळ्या पट्टीवर पिवळी, ठळक अक्षरं. तो घेतला. मराठी सबटायटल फारच थोडी होती, हिंदी भरपूर.

तरी भरवसा वाटेना. घरी आठवडाभर मी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून तपासणी केली. बायको जेवताना मुकाट बघायची. मुलगी म्हणाली, "बाबा, आवाज सोडा ना. तुमच्यापायी आम्ही पण बहिरे व्हायला लागलो." मी तिच्यावर ओरडलो. तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. हा बॉक्स चालला नाही तर सर गेलेच, असं मनात पक्कं बसलं होतं. सरांच्या टीव्हीला ही वायर बसेल का, म्हणून चाचींच्या भाच्याकडून मी टीव्हीच्या पाठीमागचा फोटोसुद्धा मागवला होता. इतकं सगळं बघितलं.

रविवारी दुपारी फुलंब्रीला जाऊन बॉक्स जोडला. त्यानं इंटरनेट मागितलं. मी माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट दिला आणि पुढच्या कामाला लागलो. एक जुना हिंदी चित्रपट लावला. पिवळी अक्षरं आली. सर पुढं सरकले. थोड्या वेळानं त्यांनी एक ओळ मोठ्यानं वाचली. आपला आवाज त्यांना ऐकू येत नसल्यामुळं ती फारच मोठ्यानं आली. चाची पिठाच्या हातानं स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"इनो बोले क्या?"

पडद्यावर आलं, 'दूर कुत्ता भौंकता है'. सर हसले. "अरे, यांनी कुत्रापण लिहिलाय!"

चाचींनी पदर डोळ्याला लावला. संध्याकाळी मी गाडीला किक मारली तेव्हा सर दारात येऊन उभे होते. घरी पोचेपर्यंत माझ्या मनात आनंद मावत नव्हता.

पुढचे तीन आठवडे ऑफिसच्या कामात गेले. चाचींना फोन केला की त्या म्हणायच्या, "ठीक है बेटा." मी ऑफिसमध्ये चार जणांना माझ्या बॉक्सची गोष्ट सांगून मोकळा झालो.

चौथ्या रविवारी गेलो. टीव्हीवर भरतकामाचं कापड पांघरलेलं होतं. सर खिडकीकडं तोंड करून बसले होते, वळले नाहीत. चाचींनी मला स्वयंपाकघरात नेलं.

"तू गेला अन् दहा मिनटांत ते बंद पडलं. नुसतं चाक फिरत ऱ्हातं. इनो बोले, मेरे से कुछ गलत दब गया. रोज रिमोट घेऊन बसायचे. मी म्हटलं पोराला सांगते, तर हातच जोडले. नक्को, बोले, एवढ्या मेहनतीनं आणलंय त्यानं, अन् मी बिघडवलं."

इंटरनेट माझ्या खिशातून आलं होतं आणि माझ्या खिशातूनच परत गेलं होतं. माझ्या घरी वायफाय भिंतीत असल्यासारखं कायम असतं, म्हणून ते वेगळं लागतं हे मला आठवलंच नाही. सगळं तपासणाऱ्या मला एवढंच दिसलं नाही.

मी मोबाईलचा हॉटस्पॉट लावला. बॉक्स लगेच चालू झाला. सरांनी पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांचा चेहरा पडला. मी एका वहीवर 'चूक माझी आहे' असं भराभरा लिहून पुढं धरलं. त्यांनी वही न बघता बाजूला सारली.

"तुझ्या हातानं चालतं," सर म्हणाले. "मला आता हे जमायचं नाही. घेऊन जा."

आणि आत जाऊन पडले. चाचींनी दोनदा हाक मारली, पण कोणाला ऐकू जाणार? मी बॉक्स तिथंच ठेवून निघालो. गाडीवर मला रडू आवरेना. ज्यांना बोलतं करायला गेलो, त्यांनाच मी तीन आठवडे नापास करून ठेवलं होतं. फोनवर सांगता येत नव्हतं. घरी आल्या आल्या हे पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकलं.

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

आपण काहीही चुकीचं दाबलं नव्हतं. चूक पूर्णपणे माझी आहे. बॉक्सला इंटरनेट लागतं. त्या दिवशी ते माझ्या मोबाईलमधून येत होतं. मी मोबाईल घेऊन निघालो, म्हणून ते बंद झालं. त्यानंतर कोणीही कितीही बटणं दाबली असती तरी ते चाललं नसतं. मी स्वतः मोबाईलशिवाय बसलो असतो तरी चाललं नसतं.

सिमकार्डवर चालणारं इंटरनेटचं एक लहान यंत्र मिळतं, ते आपल्याच घरी राहील. ते मी उद्या घेणार आहे. मग मी असो वा नसो, बॉक्स चालेल. आपण घेऊन जा म्हणालात, म्हणून विचारल्याशिवाय आणणार नाही.

सर, चाची घरात एकट्याच बोलतात. त्यांना फार त्रास होतोय. आपण माझ्यावर रागवा, पण त्यांच्याशी बोला.

मला एका ओळीचं उत्तर पाठवा. सोबत पत्ता लिहिलेलं पाकीट ठेवलं आहे. 'नको' असेल तर तेही लिहा. पण लिहा, सर. आपलं काहीच आलं नाही तर मी काय समजू?

आपला विद्यार्थी