इफेससचे अवशेष, मेरीमातेचं घर आणि आईंचा खण

टर्कीची ही ट्रिप खरं तर रोझामुळे ठरली. रोझा कॅनडात हॅमिल्टनमधली आमची शेजारीण. माझ्या शिफ्ट चालू असताना लेकीला तिनेच सांभाळलं. मेरीमातेचं घर बघायचं तिच्या फार मनात होतं, पण हार्टचं ऑपरेशन निघालं आणि विमानप्रवास बंद झाला. "यू गो. लाइट अ कँडल फॉर मी," ती म्हणाली. माझ्या सासूबाईंनी लगेच बॅगेत खण आणि तांदूळ भरले.

"आई, ते चर्च आहे. तिथे ओटी?"

"माउली आहे ना? मग झालं तर."

टोरांटो, इस्तंबूल, इझमीर आणि पुढे ट्रेनने सेल्चुक. सकाळीच टॅक्सी ठरवली आणि इफेससला वरच्या गेटने शिरलो. तुम्हीही तसंच करा, सगळा उतार लागतो. रोमन काळातला संगमरवरी रस्ता झिजून गुळगुळीत झालाय, त्यामुळे बूट हवेतच. ग्रंथालयाच्या दुमजली दर्शनी भिंतीपुढे मी फोटोच काढत राहिले. आई मात्र त्या काळच्या सार्वजनिक संडासांपाशी रेंगाळल्या. "एवढी हुशार माणसं, आणि मध्ये एक आडोसा नाही," त्या म्हणाल्या.

तिथून टॅक्सीने डोंगरावर. मेरीमातेच्या घराचं तिकीट वेगळं, आत फोटो काढायला मनाई. छोटंसं दगडी घर आहे. बाहेर येऊन रोझाची मेणबत्ती लावली. वाटेवरच्या मेरीच्या पुतळ्यापाशी आईंनी खण माझ्या हातात दिला. "तू भर. माझ्या हातून नको."

सासरे गेल्यापासून त्या ओटीला हात लावत नाहीत. इतकी वर्षं मी ते मुकाट्याने चालू दिलं, याची मला तिथे लाज वाटली. "रोझासाठी तुम्ही आणलंय, तुम्हीच भरा," मी म्हटलं. त्या हलेनात.

तेवढ्यात तिथल्या एक सिस्टर आल्या. आता रागावणार, असं वाटलं. मी घाईघाईने सांगितलं, "इट्स अ गिफ्ट फॉर द मदर. बट माय मदर-इन-लॉ इज अ विडो, सो शी इज अफ्रेड."

सिस्टरनी पुतळ्याकडे पाहिलं. "मेरी वॉज अ विडो टू," त्या म्हणाल्या आणि पायथ्याची फुलं सरकवून जागा केली.

मी आईंना मराठीत सांगितलं. "हो का?" एवढंच म्हणाल्या. मग खण ठेवून त्यावर पाच मुठी तांदूळ घातले.

खाली सेल्चुकमध्ये जेवलो. चीज भरलेली गोझलेमे नावाची पातळ पोळी आईंनी दोनदा मागवली.

रोझाचं ऑपरेशन नीट झालं. इफेससचे खांब आता फोटो बघितल्याशिवाय आठवत नाहीत. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी वरच्या खोलीत बसणाऱ्या आई यंदा बर्फातून रोझाला हात धरून घेऊन आल्या. आधी तिला कुंकू लावलं. मग स्वतःचं कपाळ माझ्यापुढे केलं.