दुसऱ्या गोलच्या आत

इंदिरानगरच्या सलूनमध्ये दर रविवारी माझ्या आधीचा नंबर एका उंच गृहस्थांचा असायचा. नाव कधी विचारलं नाही. टीव्हीवर क्रिकेट लागलं की ते सरळ डोळे मिटून घ्यायचे.

त्या रविवारी क्रिकेट नव्हतं, म्हणून सलूनवाल्याने भारताची कुठलीशी जुनी फुटबॉल मॅच लावली. गृहस्थांच्या गालांना फेस होता, पण अंगावरच्या कापडाखाली त्यांचा उजवा पाय सारखा पुढे जात होता.

"आता डावीकडून गोल होईल आपल्यावर," ते म्हणाले. आणि झालाच!

सलूनवाला भडकला. "लय बेकार टीम हे आपली! आधी त्या कोचला हाकला!"

"हाकललं की. त्याच रात्री, हॉटेलवर फोन करून."

तेवढ्यात पडद्यावर भारताचा कोच दिसला. काळेभोर केस, हात उंचावून खेळाडूंवर ओरडणारा. मी आरशात बघितलं, परत पडद्यावर बघितलं. अरे, हेच ते! माझ्या हातातला पेपर खाली पडला. सलूनवाल्याचा वस्तरा त्यांच्या गळ्यापाशी तसाच थिजला.

त्यांनी हनुवटी आणखी वर केली.

"थांबलात का भाऊ? उरका लवकर. दुसरा गोल व्हायच्या आत मला बाहेर पडायचंय."